डिझेल एंजिन आणि तेलांतील हवा

मृगाचा पाऊस पडून गेला, जमिनीला वाफसा आला आणि नेमका त्याच दिवशीं ट्रॅक्टर बांधाशीं उभा राहिला, तर शेतकऱ्याच्या मनाची काय अवस्था होत असेल याची कल्पना शहरांत राहणाऱ्या माणसाला सहजासहजीं येत नाहीं. वाफसा हा मुक्कामाचा पाहुणा नव्हे. तो आहे तोंवर पाळी घालून पेरणी उरकली तर ठीक. नाहीं तर पुढचा पाऊस त्या रानाचा चिखल करतो, किंवा ऊन त्याचा दगड करतें. अशा ऐन वेळीं जुन्या डिझेल ट्रॅक्टरचें एंजिन दहा-पंधरा मिनिटें चालतें, अडखळतें, धापा टाकतें आणि गप्प होतें. पुन्हां सुरू करावयास जावें तर तें गरगर फिरतें, पण पेट म्हणून घेत नाहीं. टांकींत तेल आहे, कोठें कांहीं मोडलेलें दिसत नाहीं, तुटल्याचा आवाज झालेला नाहीं. मग बिघडलें तरी काय? गांवचा मिस्त्री येतो, एंजिनावरून एक नजर फिरवितो आणि म्हणतो, "एअर आली असेल." म्हणजे तेलाच्या वाटेंत हवा शिरली.

मिस्त्र्याचें हें निदान पुष्कळदां खरें ठरतें. परंतु त्यामागें एक चमत्कारिक इतिहास आहे. ज्या हवेच्या एका बुडबुड्यानें हें एंजिन बंद पडतें, त्याच हवेच्या खांद्यावर बसून तें जन्मास आलें. जवळजवळ तीस वर्षें हवा ही त्याची दाई होती. तिनें भरविल्याशिवाय त्याला तेलाचा घास गिळतां येत नव्हता. दाईचा हात सुटला तेव्हांच तें शेतावर जाऊं शकलें, आणि त्याच वेळेपासून तेलांतील हवा त्याची वैरीण झाली.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८५८ सालीं पॅरिसमध्यें एका बव्हेरियन कारागिराच्या घरीं झाला. पुढें म्यूनिक येथील तंत्रशाळेंत प्रोफेसर लिंडे यांचीं व्याख्यानें ऐकतांना एक गोष्ट त्याच्या मनांत कायमची रुतून बसली. वाफेचें एंजिन कोळशांतील उष्णतेचा फारच थोडा अंश कामास लावतें. शंभर शेर कोळसा जाळावा, आणि त्यांतील नव्वद शेरांची किंवा त्याहूनही अधिक कोळशाची उष्णता धुराड्यावाटे आणि वाफेबरोबर वाया जावी, असा तो आंतबट्ट्याचा व्यवहार होता. हा अपव्यय थांबविण्याची युक्ति त्यानें १८९२ सालीं पेटंटासाठीं मांडली. ऐकावयास ती अगदीं सोपी आहे. बंद नळकांड्यांत हवा इतकी दाबावी कीं दाबानेंच ती तापलेल्या तव्याहूनही अधिक तापेल. मग त्या हवेंत इंधन सोडावें. ठिणगी नको, ज्योत नको. इंधन हवेला शिवतांच पेट घ्यावयास पाहिजे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम होतें हें ज्यानें अनुभवलें आहे, त्याला यांतील तत्त्व निराळें समजावून देण्याची गरज नाहीं.

तत्त्व सोपें, पण तेल आंत न्यावयाचें कसें? सिलिंडरांतील हवा बाहेरील हवेच्या तीसपट, चाळीसपट दाबानें दाबलेली असतांना तिच्यांत तेल शिरवावयाचें म्हणजे वादळाच्या तोंडावर फुंकर घालण्यासारखें आहे. शिवाय तें नुसतें शिरून भागत नाहीं. तेलाची धार पडली तर ती धुमसते, काजळी धरते. त्याचें धुकें झालें पाहिजे, तेंही नेमक्या क्षणीं आणि नेमकें मोजून. डिझेलच्या पेटंटांत कोळशाच्या पुडीचाही विचार होता. तेल पंपानें थेट आंत ढकलण्याचा मार्गही त्यानें आरंभींच चोखाळून पाहिला होता. परंतु तशा पंपाला जो बारकावा लागतो तो त्या काळच्या कारखान्यांच्या हातांत नव्हता.

आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळेंत १८९३ च्या ऑगस्ट महिन्यांत पहिलें यंत्र उभें राहिलें. पहिल्याच प्रयोगांत स्फोट होऊन दाब मोजण्याचें उपकरण उडून गेलें, आणि तें यंत्र स्वतःच्या बळावर एकदांही चाललें नाहीं. १८९४ च्या फेब्रुवारींत सुधारलेलें यंत्र पट्ट्यानें फिरवीत असतां त्याजवळ उभ्या असलेल्या कारागिराच्या ध्यानांत आलें कीं, पट्ट्याचा ताण उलटा झाला आहे. आतां पट्टा यंत्राला ओढीत नसून यंत्रच पट्ट्याला ओढीत आहे. तो कांहींएक बोलला नाहीं, त्यानें मुकाट्यानें डोक्यावरची टोपी काढली. एका मिनिटांत अठ्ठ्याऐंशी फेरे, एवढाच तो पराक्रम होता. तरी त्या टोपी काढण्यांत जें कौतुक होतें तें पुढें मिळालेल्या पदकांत असेल असें वाटत नाहीं.

यापुढची तीन वर्षें मुख्यतः तेल आंत कसें घालावयाचें या एकाच प्रश्नाशीं झगडण्यांत गेलीं. शेवटीं डिझेलनें हवेचा आश्रय केला. एंजिनाला एक निराळा हवेचा पंप जोडला. त्यांत हवा सिलिंडरांतील दाबाहूनही अधिक दाबानें कोंडून ठेवावयाची, आणि तेलाची झडप उघडतांच त्या हवेच्या झोतानें तेलाचें धुकें करून तें आंत फेकावयाचें. ही युक्ति फळास आली. १८९७ च्या फेब्रुवारींत प्रोफेसर श्रोटर यांनीं सुमारें अठरा घोड्यांच्या शक्तीच्या त्या एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हां तेलांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग कामास लागतो असें ठरलें. वाफेच्या एंजिनाच्या मानानें ही क्रांति होती.

परंतु दाई ठेवली म्हणजे दाईचाही खर्च येतो. हवेचा हा पंप दोन-तीन टप्प्यांत हवा दाबणारा, मध्यें थंड पाण्यानें निववावा लागणारा, जड आणि नाजूक असे. एंजिनानें उत्पन्न केलेल्या शक्तीचा एक वांटा तोच खाऊन टाकी. १८९८ सालीं केम्प्टेन गांवच्या आगपेट्यांच्या कारखान्यांत पहिलें विकाऊ एंजिन बसलें, त्यानें आरंभीं उपकारापेक्षां उपद्रवच अधिक दिला. पुढें एंजिन सुधारलें, मोठमोठ्या कारखान्यांत गेलें. १९१२ सालीं कोपनहेगनहून निघालेली 'सेलान्डिया' ही आगबोट डिझेल एंजिनांवर महासागर ओलांडून गेली. जेथें जागा मोकळी, जमीन भक्कम आणि देखरेखीस एंजिनियर हजर, तेथें हवेच्या पंपाचें ओझें खपून गेलें. नांगरापुढें तें कसें खपावें?

यांतील खेदाची गोष्ट अशी कीं, डिझेलच्या मनांत लहान माणूस होता. वाफेचें एंजिन मोठ्या भांडवलवाल्याचें. आपलें एंजिन लहान कारागिराच्या दुकानांत चालावें आणि त्यानें मोठ्या गिरण्यांपुढें तग धरावा, अशी त्याची आकांक्षा होती. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत एक लहानसें डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें गेलें, आणि पाहणारांपैकीं फार थोड्यांच्या तें लक्षांत आलें, असें खुद्द डिझेलनेंच पुढें नमूद करून ठेवलें आहे. ज्या देशांत शेतकरी स्वतःच्या रानांत भुईमूग पिकवितो तेथें तो आपलें इंधनही पिकवील, असा त्यामागील विचार होता. १९१३ च्या सप्टेंबरांत अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल रात्रीं नाहींसा झाला; कांहीं दिवसांनीं समुद्रांत प्रेत सांपडलें. आत्महत्या कीं अपघात, याची खात्रीलायक उकल झालेली नाहीं. त्यानें पाहिलेल्या लहान माणसाच्या हातीं त्याचें एंजिन तोंवर पोंचलें नव्हतें.

मध्यंतरीं शेतावर दुसरेंच एक एंजिन जाऊन बसलें होतें. इंग्लंडमधील हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यानें १८९० सालीं, म्हणजे डिझेलच्याही आधीं, तापलेल्या लोखंडी घुमटीवर तेल सोडून तें पेटविण्याची पद्धति पेटंट केली, आणि ग्रँथॅम येथील हॉर्नस्बी कंपनीनें तीं एंजिनें १८९२ पासून विकावयास काढलीं. जर्मनींत मानहाइम येथील लान्झ कंपनीचा 'बुलडॉग' ट्रॅक्टर १९२१ सालीं निघाला तो याच कुळांतला. त्याची घुमटी आधीं दिव्याच्या ज्योतीनें चांगली तापवावी लागे. मग मात्र तो रॉकेल, डांबराचें तेल, गोडें तेल, वापरून काळें झालेलें तेल, जें घालाल तें मुकाट्यानें पचवी. बुलडॉगला सोंवळें म्हणून ठाऊक नव्हतें. त्याच्या मानानें डिझेलचें एंजिन कर्मठ. आणि तें पुढें जसजसें सुधारत गेलें तसतसें त्याचें सोंवळें अधिकच कडक झालें.

हवेच्या पंपाला रजा देण्याचे प्रयत्न दोन बाजूंनीं झाले. इंग्लंडांत विकर्स कंपनीच्या जेम्स मॅक्‌केक्नी यानें १९१० सालीं तेल केवळ पंपाच्या जोरावर आंत मारण्याची पद्धति पेटंट केली. ती पाणबुड्यांतून वापरली गेली. जर्मनींत बेन्झ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांज यानें १९०९ सालीं दुसरीच तोड काढली. मुख्य सिलिंडराच्या डोक्यावर त्यानें एक लहान खोली केली. तेल त्या खोलींत अर्धवट पेटतें आणि तेथील भडक्याच्या जोरानें उरलेलें तेल खालीं उधळलें जातें. त्यामुळें पंपावर फारसा ताण येत नाहीं. १९२३ च्या सुमारास बेन्झ-झेंडलिंग यांचा डिझेल ट्रॅक्टर याच पद्धतीवर शेतांत उतरला. तथापि प्रत्येक कंपनीचा पंप निराळा, प्रत्येकाची खोड निराळी. शेंकड्यांनीं सारखे, एकमेकांच्या जागीं बसणारे, खात्रीचे पंप करून देणारा कोणी तरी पाहिजे होता.

तो रॉबर्ट बॉशच्या रूपानें मिळाला. स्टुटगार्टमध्यें १८८६ सालीं एका लहानशा दुकानापासून सुरुवात करून या गृहस्थानें पेट्रोल एंजिनाला ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोवर जगभर नांव मिळविलें होतें. डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाहीं. म्हणजे त्याचा प्रसार झाला तर बॉशचें मुख्य गिऱ्हाईकच कमी व्हावयाचें. चतुर व्यापाऱ्याप्रमाणें त्यानें १९२२ च्या अखेरीस ठरविलें कीं, या एंजिनाला जें लागतें तेंच आपण करावें. पांच वर्षें खटपट चालली. १९२७ च्या अखेरीस पंप कारखान्यांतून नियमितपणें बाहेर पडूं लागले, आणि येथून डिझेल एंजिन खऱ्या अर्थानें हलकें झालें. अमेरिकेंत १९३१ सालीं कॅटरपिलर कंपनीचा पट्ट्याचा डिझेल ट्रॅक्टर निघाला; १९३५ च्या सुमारास मॅक्‌कॉर्मिक-डीरिंगचा चाकांचा निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फोर्डसन आणि फर्ग्युसन यांसारखे लहान शेतकऱ्याच्या आटोक्यांतील ट्रॅक्टरही डिझेलवर चालूं लागले.

या पंपाची रचना थोडी समजून घेतली म्हणजे पुढील सर्व दुखण्यांचें मूळ हातीं येतें. पंपांत प्रत्येक सिलिंडरासाठीं पोलादाची एक नळी आणि तिच्यांत वरखालीं होणारा एक दट्ट्या असतो. मिस्त्री त्याला प्लंजर म्हणतात. प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खांच कापलेली असते. प्लंजर किंचित् फिरविला कीं ती खांच तेल परत जाण्याचें भोंक लवकर किंवा उशिरां उघडते, आणि त्या मानानें कमी किंवा जास्त तेल पुढें जातें. एंजिन नुसतें चालूं असतांना एका वेळीं जाणारें तेल मोहरीच्या दाण्याएवढें असतें. नांगर जमिनींत रुतला म्हणजे मुगाच्या दाण्याएवढें. मिनिटास दीड हजार फेरे घेणाऱ्या एंजिनांत हा दाणा प्रत्येक सिलिंडराला मिनिटांतून साडेसातशे वेळां, आणि तोही सेकंदाच्या सुमारें पांचशेव्या भागांत पोंचवावा लागतो. टोंकाशीं असलेलें नोझल साध्या हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशेपट दाब आल्याखेरीज तोंड उघडीत नाहीं. एवढा दाब झेलून तेल मागें गळूं नये म्हणून प्लंजर आणि त्याची नळी यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी अशी दोन-तीन भागांचीच फट ठेवतात. माणसाचा केस याच्या वीस-पंचवीसपट जाड असतो. मध्यें रबर नाहीं, चामडें नाहीं. पोलादावर पोलाद, आणि वंगण म्हणून जें जावयाचें तेंच तेल.

आतां अशा नळींत हवेचा बुडबुडा आला तर काय होईल? तेल दाबलें तरी जवळजवळ आकसत नाहीं. म्हणून प्लंजरनें इकडे ढकललें कीं तिकडे नोझल उघडतें. हवा मात्र आकसते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दांडा दाबावा, तो आंत जातो आणि सोडतांच मागें येतो. हवा कोठेंच गेलेली नसते. प्लंजर त्या बुडबुड्याला तसाच दाबतो आणि सोडतो. नोझलपाशीं दाब चढतच नाहीं. एंजिन फिरत राहतें, आणि धुराड्यांतून धुराचा एक धागाही निघत नाहीं. ही खूण मोलाची आहे. धूर मुळींच नसेल तर तेल पोंचत नाहीं असें समजावें. पांढरा धूर येत असेल तर तेल पोंचतें, पण पेटत नाहीं; मग दोष थंडीचा, तेलांतील पाण्याचा किंवा झिजलेल्या सिलिंडराचा असूं शकतो. काळा धूर म्हणजे तेलाच्या मानानें हवा अपुरी; हवेची गाळणी तुंबली असेल, अथवा नोझल धुकें न करतां ठिबकत असेल.

जाणता मिस्त्री येथून जी वाट धरतो ती इतिहासाच्या नेमकी उलट आहे. संशोधक नोझलपासून मागें मागें येत टांकीपर्यंत पोंचले. मिस्त्री टांकीपासून निघतो. सर्वांत आधीं तो टांकीचें झांकण सैल करतो. झांकणाला एक बारीक भोंक असतें. तें मातीनें बुजलें म्हणजे तेल जसजसें खालीं जातें तसतशी टांकींत पोकळी होते आणि शेवटीं तेल येईनासें होतें. झांकण उघडतांच 'सूं' असा आवाज झाला तर निदान झालें. दहा मिनिटें चालून बंद पडणें, थोडा वेळ उभें राहिल्यावर पुन्हां सुरू होणें, हा या दुखण्याचा ठराविक झटका असतो. आणि अशा क्षुल्लक कारणासाठीं आख्खा पंप उतरवून तालुक्याला नेल्याचीं उदाहरणें गांवोगांवीं ऐकावयास मिळतात. मग तोटी आणि तिची जाळी. मग फीड पंपाखालची कांचेची वाटी, जिच्यांत पाणी आणि गाळ डोळ्यांना दिसतो. मग फीड पंपांतील पडदा. हा पडदा फाटला तर तेल पुढें कमी जातेंच, शिवाय कांहीं एंजिनांत तें खालीं वंगणाच्या तेलांत उतरतें. म्हणून वंगणाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानूं नये.

टांकी आणि फीड पंप यांच्यामधील नळीचें दुखणें सर्वांत फसवें. येथें पंप तेल ओढून घेत असतो. त्यामुळें सांधा सैल असला तरी तेल बाहेर गळत नाहीं, उलट हवा आंत ओढली जाते. बाहेरून नळी कोरडी ठणठणीत, आणि आंत बुडबुड्यांची रांग. एखादी चिरलेली रबरी नळी किंवा पुन्हां पुन्हां वापरून दगडासारखी कठीण झालेली तांब्याची चकती एवढेंच कारण असतें. रात्रभर उभें राहिलेलें एंजिन रोज सकाळीं रुसत असेल तर या वाटेवर संशय घ्यावा. तेल रात्रीं हळूहळू टांकीकडे परत गेलेलें असतें.

वाट मोकळी करून सांधे आवळल्यावर आंत राहिलेली हवा काढावी लागते. फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू थोडा सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारावा. प्रथम फेंस येतो, मग बुडबुडे, मग निव्वळ तेल. तेल वाहत असतांनाच स्क्रू आवळावा, थांबल्यावर नव्हे. दांडा लुळा लागून तेल येत नसेल तर पंपांतला पडदा एंजिनाच्या कॅमनें आधींच दाबून धरलेला असतो. एंजिन थोडें फिरवून घेतलें कीं दांड्याला जोर येतो. हें ठाऊक नसल्यामुळें चांगले फीड पंप भंगारांत गेले आहेत. पुढें मोठ्या पंपाच्या स्क्रूंची पाळी, आणि शेवटीं नोझलपाशीं आलेल्या पोलादी नळ्यांचे नट सैल करून एंजिन फिरवावयाचें. नटापाशीं तेलाची उचकी लागली कीं तो आवळावा. येथें एक इशारा दिलाच पाहिजे. नोझलमधून सुटणाऱ्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरूं नये. तें तेल कातडी भेदून मांसांत शिरतें, जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसते आणि वेळेवर डॉक्टरनें कापून साफ केली नाहीं तर बोट, प्रसंगीं हात, गमवावा लागतो.

एंजिन चालतें, पण लंगडतें, असें असेल तर चालत्या एंजिनांत एकेका नळीचा नट क्षणभर सैल करतात. ज्याचा नट सैल केल्यानें आवाजांत फरक पडत नाहीं, तो सिलिंडर मुळांतच झोपलेला. वैद्य जसें दुखऱ्या जागेसाठीं पोट चांचपतो तसाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, येथें न दुखणारी जागा शोधावयाची असते.

आपल्या देशांत डिझेल एंजिन प्रथम ओळखीचें झालें तें ट्रॅक्टरमुळें नव्हे, तर विहिरीवरच्या आणि पिठाच्या गिरणीवरच्या 'पुक्‌-पुक्‌' आवाजामुळें. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत अशीं एंजिनें होऊं लागलीं. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. मोठे डिझेल ट्रॅक्टर सरकारी कामासाठीं आले. मध्य भारतांत कांस नांवाच्या गवतानें लाखों एकर काळी जमीन गिळली होती. त्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात कीं बैलांचा नांगर त्यांना पुरा पडत नाहीं. हें रान खोल नांगरून काढण्याचें काम केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेकडे होतें, आणि शेतकी यंत्रांसाठीं १९४९ सालीं जागतिक बँकेनें एक कोटी डॉलरचें कर्ज दिलें. परदेशांतून यंत्र येतें. त्याबरोबर पंप दुरुस्त करणारा माणूस येत नाहीं. बंगलोरमध्यें १९५१ सालीं 'मायको' कंपनी स्थापन होऊन बॉशच्या पद्धतीचे पंप आणि नोझलें येथेंच होऊं लागलीं, ही म्हणूनच ट्रॅक्टर तयार करण्याइतकीच महत्त्वाची घटना मानली पाहिजे. १९५९ सालीं आयशरचा ट्रॅक्टर निघाला, १९६० सालीं मद्रासेस 'टॅफे' कंपनी, आणि १९६३ सालीं मुंबईस महिंद्रांची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली; तिचा बी-२७५ महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांत घरच्या माणसासारखा ओळखीचा झाला.

या काळांत पंपही बदलला होता. सिलिंडरागणिक निराळा प्लंजर न ठेवतां एकाच जागीं तेल दाबून तें सर्वांना पाळीपाळीनें वाढणारा पंप अमेरिकेंत व्हर्नन रूझा यानें केला, १९५२ मध्यें तो बाजारांत आला, आणि इंग्लंडांत सी. ए. व्ही. कंपनीनें १९५६ पासून त्याच धर्तीचे पंप काढले. ते लहान आणि स्वस्त. पण त्यांचें सगळें अंग डिझेलवरच वंगलें जातें. त्यांत पाणी शिरलें तर नुसतें एंजिन बंद पडत नाहीं, पंपच गंजून धरतो. पूर्वीच्या पंपाला वंगणाची स्वतःची लहानशी वाटी तरी असे.

पाणी आणि माती येतात कोठून? बहुधा घरांतूनच. पिंप गाडींतून हिंदकळत येतें, लगेच टांकींत ओतलें जातें, आणि तळाचा गाळ वर आलेला तो तसाच आंत जातो. पिंप किंचित् तिरकें ठेवून रात्रभर निवूं द्यावें आणि उंच बाजूनें तेल काढावें, तळचें चार बोटें तेल तसेंच राहूं द्यावें. टांकी सकाळीं नव्हे तर संध्याकाळीं काम संपल्यावर भरावी, म्हणजे रिकाम्या टांकींत रात्रीं दंव धरत नाहीं. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यांत डिझेल साठवूं नये. जस्ताशीं त्याचें जमत नाहीं आणि होणारा चिकट मळ फिल्टर बुजवितो. तेल धोतराच्या जुन्या फडक्यांतून गाळण्याची चाल मात्र अजून सुटलेली नाहीं. त्यामागची भावना शुद्ध आहे, पण फडक्याचे तंतू तेलाबरोबर खालीं उतरतात आणि फिल्टरांत गोळा होतात. त्यापेक्षां बारीक तारेची जाळी बसविलेलें नरसाळें बरें, आणि तेंही वापरून झाल्यावर खुंटीला उघडें न टांगतां डब्यांत झांकून ठेवलेलें.